आसरांच्या डोहातली पिवळी कयाक

१

रविवारी भर दुपारी आसरांच्या डोहात पिवळी कयाक पालथी तरंगत होती, आणि तिच्यावर बसून मासे धरायला गेलेला सुरज कुठंच दिसत नव्हता.

मांडवगण फराट्याच्या वरच्या अंगाला भीमा वळते, तिथं हा डोह आहे. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, तिथं राहतात. दुपारी बाराच्या ठोक्याला त्या तरणा गडी बघून ओढतात, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि तरणी माणसं हसत हसत का होईना, बारानंतर तिकडं जात नाहीत. सुरजचं प्रेत सोमवारी खाली जलपर्णीत अडकलेलं सापडलं. पोलिसांनी बुडून मृत्यू असं लिहून घेतलं. गावानं लिहून काही घेतलं नाही, पण निकाल दिला: आसरांनी नेला.

हे दोन्ही निकाल एका बाईच्या गळी उतरेनात. अनुपमा जगताप कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होती. यम न्यायला आला तर मॅडम आधी त्याला हेल्मेट घालायला लावतील, असं कामगार तिच्या मागं म्हणायचे. सुरज सहा वर्षं तिच्या प्लँटवर ऑपरेटर होता. वॉल्व्ह बंद केला की पुन्हा वळून बघणारा तो एकटाच.

तिच्या मोबाईलवर त्याचा शेवटचा फोटो होता, त्या रविवारी सकाळी नऊ चाळीसचा. कयाकच्या शेपटाकडचं काळं बूच, घट्ट पिळलेलं, आणि शेजारी त्याचा अंगठा. खाली लिहिलेलं: 'मॅडम, बूच लावलं. निघालो.'

कयाक म्हणजे आतून पोकळ, चारी बाजूंनी बंद असलेला प्लास्टिकचा डबा. पुढं सामानाचं एक झाकण, ते घट्ट बंदच सापडलं; आणि पाणी काढायला शेपटाशी एक भोक, त्याला आट्यांचं बूच. बूच बंद असलं तर आत थेंब जाता कामा नये. पण डोहातून ती पालथी कयाक ओढायला चार गडी लागले, कारण तिच्या पोटात पाणी भरलेलं होतं.

मग पाणी शिरलं कुठून? ते बूच मधेच कुणी उघडलं? अनुपमा जेवायला बसली तरी ताटात तिला तो अंगठा दिसायचा. कारण उन्हातून नेताना बूच उघडं ठेव, बंद पोटातली हवा तापून फुगते, हे त्याला तिनंच शिकवलं होतं.

तेराव्याच्या संध्याकाळी सुरजच्या बायकोचा, प्रगतीचा फोन आला.

"मॅडम, रविवारी माझा भाऊ मला न्यायला येतोय. आत्या म्हनत्यात, तू जा, पोर हितंच ऱ्हाईल. त्यांचं पोरगं माझ्यामुळं गेलं म्हनं, नातीला तरी वाचवायचीय त्यान्ला." आत्या म्हणजे तिची सासू, गिताबाई. "ही बोट कशानं बुडाली ते तुमी हुडका. न्हाईतर माझी स्वप्नाली माझ्यापासनं तुटली."

अनुपमा काही बोलणार तोच प्रगतीनं आवाज खाली आणला.

"आन् मॅडम, ती बोट बोलतीया. दुपारची. आतून."

२

शनिवारी अनुपमा दौंडहून गाडी काढून निघाली. वाटेत तिला कयाक निवडायचे ते आठ दिवस आठवत राहिले.

सुरजला आधी लांब, निमुळती, बाणासारखी कयाक आवडली होती. "तुला शर्यत लावायचीय का मासे धरायचेत?" तिनं विचारलं होतं. मग त्यानं रुंद, आखूड, हलवली तरी न डगमगणारी, वर खुर्चीची बैठक असलेली कयाक निवडली. त्याच्या वजनाच्या दुप्पट ओझं पेलणारी. दुकानात हिरवीही होती, पण हिरवी जलपर्णीत दिसणार नाही म्हणून तिनं पिवळी घ्यायला लावली. घरी नेल्यावर गिताबाई खूश झाली, कारण रंग थेट बिरोबाच्या भंडाऱ्याचा. एवढं सगळं बघून, पारखून, जोखून घेतलेली वस्तू पहिल्याच दिवशी माणसाला घेऊन गेली, ही गोष्ट अनुपमाला आतून पोखरत होती.

वस्तीवर लिंबाखाली दोन जुन्या टायरांवर कयाक ठेवली होती. सुरजचे वडील ज्ञानूआबा बाजेवर बसून होते. ते "या" म्हणाले. चार वर्षांची स्वप्नाली आईच्या पदराआडून बघत होती.

बारा वाजायला आले होते. वारा सुटला, कयाक टायरांवर जराशी डोलली, आणि तिच्या पोटातून आवाज आला. गड, गड, गड. मग टक. जरा वेळानं पुन्हा टक.

 अनुपमानं पुढं वाकून बघितलं तर आंबलेल्या भातासारखा वास नाकात शिरला.

"आला बगा," गिताबाई शांतपणे म्हणाली. "रोज येतो ह्या टायमाला. भूक लागती त्याला."

तिचे डोळे कोरडे होते. लेकाला दिलेल्या पिंडाचाच वास बोटीला येतो अशी तिची खात्री होती. अनुपमानं वाकून बूच तपासलं. ते घट्ट होतं. ती ते पिळायला लागली तशी गिताबाई मधे येऊन उभी राहिली.

"हात लावू नगा, बाई. त्यो हाय आत. उद्या ह्या दोघी मार्गी लागल्या, बोट नदीत आन् सून माहेरात, म्हंजी माझं घर सुटलं."

"गिताबाई, तुम्हाला असं का वाटतं की प्रगतीमुळं झालं?"

"वाटायचं काय त्यात? नवी बोट पैल्यांदा पान्यात जायाची, म्हून पाटं उठून, न्हाऊन, आसरांची ओटी भरली म्या, सवाष्णीच्या हातानं. हळदीचं तांदूळ, सात हळकुंडं, सात सुपाऱ्या. सातीजनींना एकेक, कुनाचं कमी ठिवलं न्हाई. आन् ही त्या दिशी बाजूला बसल्याली. तिकडच्या खोपीत. तरी बी पान्याची बाटली द्यायला आली आन् बोटीला हात लावला. विटाळाचा हात! मग का नेनार न्हाईत त्या?"

प्रगती भिंतीकडं बघत उभी होती.

अनुपमानं कयाकला वळसा घातला. तिच्या पाठीवर आडवे दोन खोल वळ होते, हाताचं बोट रुतेल एवढे. कुणीतरी दोरखंडानं जीव खाऊन आवळलं होतं. सुरजला तिनं रुंद पट्टे घ्यायला लावले होते.

"त्या दिवशी बोट डोहापर्यंत कुणी नेली?"

"पृथ्वीराजच्या पिकअपमदी," बाजेवरून आबा म्हणाले. "पर त्यो आता फिरकत न्हाई हिकडं. मातीला आला न्हाई, तेराव्याला आला न्हाई."

जिवाभावाचा दोस्त मातीला का आला नाही?

३

डोहावर खंडूआप्पा जाळं दुरुस्त करत बसला होता. चाळीस वर्षं ह्याच पाण्यावर जगलेला माणूस. कयाक आली त्या दिवशी त्यानं चार लोकांत सुरजला बजावलं होतं, "ह्या डोहात पलास्टिक आनू नगंस, वाईट हुईल." गावात ज्यांचा आसरांवर विश्वास नव्हता, त्यांचा खंडूआप्पावर संशय होता.

"तुम्ही बोलला होता तसं, आप्पा?"

"बोललो की. पोटावर पाय आला की मानूस बोलतं." त्यानं सुई खाली ठेवली. "पर बाई, मी त्याला लंगोटीत असल्यापास्नं बगतोय. पोवायला मीच शिकवलं."

"बोट ओढून आणणाऱ्या चौघांत तुम्ही होता ना? बूच उघडं होतं?"

"घट्ट व्हतं. मी कशाला काढू? जाकीट मातुर खुर्चीला बांधल्यालं व्हतं."

अनुपमानं डोळे मिटले. जॅकेट अंगात घाल, हे तिनं त्याला किती वेळा सांगितलं असेल याची गणती नव्हती. उकाड्यात काढलं असणार. कंपनीत नियम पाळणारी माणसं नदीवर गेली की नदीची होतात.

"आजून एक सांगतो," खंडूआप्पाचा आवाज खाली गेला. "साडेअकराला म्या त्याला बगितला. बोटीचं शेपूट पान्यात टेकलं व्हतं, नाक वर. म्या वरडलो, 'सुऱ्या, मागनं जड झालीया, काठाला ये!' त्यानं हात हलवला. त्याला वाटलं मी नेहमीगत शिव्या देतोय. माझी होडी हितंच व्हती बाई. नेली असती तर पोचलो असतो. पर बारा वाजत आलं व्हतं." तो पाण्याकडं बघत राहिला. "मी भ्यालो. चाळीस वर्सं पान्यात काढली, आन् भ्यालो."

म्हणजे बूच घट्ट असताना, पावणेदहानंतर दोन तासांत, मागच्या बाजूनंच पाणी हळूहळू शिरत होतं. पोट अर्धं भरल्यावर सुरज मासा ओढायला कलला असेल, आतलं पाणी एका अंगाला धावलं असेल आणि कयाक पालथी झाली असेल. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी जलपर्णीत पाय अडकला की संपलं.

ती उठली तसा खंडूआप्पा मागून म्हणाला, "पृथ्वीराजला इचारा. पंधरा दिसांत तीनदा गाडी धुतलीया त्यानं. उसाच्या हंगामात न धुनारा गडी."

४

पृथ्वीराज म्हणजे हौसरावांचा मुलगा. हौसराव सोसायटीच्या राजकारणातलं मोठं नाव, घरात माणसांची ये-जा सतत. पण पृथ्वीराज मागच्या गोठ्यात एकटा बसला होता. दाढी वाढलेली. अनुपमाला बघून तो उठलाही नाही.

"तुम्ही येणार म्हाईत व्हतं, ताई. मीच मारला त्याला."

अनुपमानं बादली पालथी केली आणि तिच्यावर बसली. कबुली देणाऱ्या माणसाला घाई करायची नसते, हे तिला कंपनीच्या चौकशांनी शिकवलं होतं.

"त्याचे पट्टे घरी ऱ्हायले व्हते. मी म्हनलं, आरं, दहा टन ऊस बांधतो मी, ही काय चीज हाय? दोरखंड टाकला आन् मधी दांडकं घालून पीळ दिला, ट्रॉलीला देतो तसा. कटकन आवाज झाला. सुरज म्हनला, 'आरं, मोडशील!' मी हसलो." त्यानं मान खाली घातली. "तिथंच चिरली असनार ती. आन् मी हसलो, ताई. कसं तोंड दावू त्याच्या आईला?"

"म्हणून गाडी तीनदा धुतली?"

तो दचकला. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "ते निराळंच हाय. करणी केली व्हती कुनीतरी. सुरजला डोहावर सोडून घरी आलो, तर गाडीच्या हौद्यात हळदीचं तांदूळ. पिवळं. म्या धुतलं. दुसऱ्या दिशी फटीतनं पुन्यांदा निघालं. पुन्यांदा धुतलं. चिमण्या येऊन बसायच्या हौद्यात. मला वाटलं खंडूआप्पानंच टाकलं."

"तांदूळ हौद्यात कुठं होते? सगळीकडं?"

"न्हाई. मागं. फाळक्यापाशी, हौद्याच्या दाराला."

"आणि कयाक कशी ठेवली होती?"

"नाक केबिनवर, शेपूट मागं उतरतं, फाळक्यावर टेकवल्यालं."

"बूच?"

"उघडं. तुम्हीच सांगितल्यालं ना? डोहावर गेल्यावर त्यानं लावलं. दोनदा पिळून बगितलं, मग फोटो काढला."

गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या. अनुपमा बादलीवरून उठेना. सगळे धागे तिच्या हातात एकदम आले होते, आणि ते तसेच सोडून सरळ दौंडला निघून जावं असं तिला मनापासून वाटलं. पण उद्या रविवार होता, आणि एका आईचं लेकरू तुटणार होतं.

"पृथ्वीराज, उद्या अकराला वस्तीवर ये. आठ-दहा बादल्या पाणी लागेल."

"कशाला, ताई?"

"तू निर्दोष आहेस ते दाखवायला," ती म्हणाली. पुढचं ती बोलली नाही.

५

रविवारी प्रगतीचा भाऊ स्वराज जीप घेऊन आला तेव्हा अनुपमा, पृथ्वीराज आणि खंडूआप्पा लिंबाखाली उभे होते. प्रगतीची बॅग ओट्यावर भरून ठेवली होती. गिताबाईनं नातीला मांडीवर घट्ट धरलं होतं.

अनुपमा आधी गिताबाईपाशी गेली, हळूच म्हणाली, "मावशी, मला तुमच्याशी आत एकटीला बोलायचंय."

"जे बोलायचं ते सगळ्यांम्होरं. माझ्या घरात चोरून काय न्हाई."

अनुपमानं ज्ञानूआबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. "बगा बाई. एकदा काय ते कळू द्या."

पृथ्वीराज आणि स्वराजनं कयाकचं पुढचं झाकण उघडून बादल्या ओतल्या. शेपटाकडं पाणी वळांच्याही वर चढलं. अनुपमानं दोरखंडाच्या वळांवरून हात फिरवला. कोरडे होते. पृथ्वीराजनं स्वतः हात फिरवला, आणि तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

"कुठंही चीर नाही," अनुपमा म्हणाली. "आता बूच बघा. घट्ट आहे ना?"

खंडूआप्पानं पिळून बघितलं. "हलत बी न्हाई."

पण बुचाच्या कडेनं एक थेंब फुगला आणि पडला. मग दुसरा. मग त्यांची बारीक धार लागली.

"सुरजनं काही चूक केली नाही. बूच त्यानं लावलं, दोनदा तपासलं. हाताला घट्ट लागलं, कारण आट्यांमध्ये काहीतरी अडकलं होतं. बूच वाकडं बसलं आणि रबराची चकती दबून राहिली. वरून कळणारच नाही." तिनं बुचाला हात घातला. "नेताना शेपूट उतरतं होतं, भोक उघडं. आत जे होतं ते सगळं तिथं गोळा झालं. थोडं बाहेर हौद्यात सांडलं, आणि थोडं—"

बूच निघालं. त्याच्या आट्यांत चेंगरलेले तांदूळ होते, काळे पडलेले, पण कडेला अजून पिवळे.

प्रगतीनं पुढं येऊन अनुपमाचं मनगट धरलं. त्या पहाटे खोपीतून तिनं काय बघितलं होतं, त्याचा अर्थ तिला ह्या क्षणी लागला होता.

"मॅडम, ऱ्हाऊ द्या," ती कुजबुजली. "लावा बूच. मी जाते माहेरी. पोर बी ऱ्हाऊ द्या हितं. पर हितंच थांबवा."

अनुपमा थांबलीही असती. पण स्वराजनं मदत म्हणून कयाकचं नाक उचललं होतं. भसकन आंबूस पाणी आलं, पाण्याबरोबर हळकुंडं आली, आणि गडगडत सुपाऱ्या येऊन भोकातून एकेक करत धुळीत पडल्या.

गिताबाई उठली. नातीला खाली ठेवून ती बोटीपाशी आली, खाली वाकली आणि बोटानं सुपाऱ्या मोजायला लागली.

"सात हायत," ती म्हणाली. "म्या सातच घातल्या व्हत्या."

"मावशी..."

"मला वाटलं, आसरांची ओटी ह्या बोटीसंगंच धाडावी. ओटी पदरात भरत्यात. हिला कुठला पदर? मागं भोक दिसलं. म्हनलं, हेच हिचं पोट असंल. पोट भरल्यालं असलं की माझ्या लेकाला खायाची न्हाई." ती अनुपमाकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवेना. "बाई, तुमी माझ्या लेकाला सगळं शिकवलं. बूच कवा उघडायचं, कवा लावायचं. मला कुनी एका शब्दानं सांगितलं असतं, की हिच्या पोटात काय घालायचं नसतं. मी घातलं नसतं वो."

कंपनीत नवं यंत्र आलं की झाडणाऱ्या मावशींनासुद्धा बोलावून अनुपमा सगळं समजावून सांगायची. इथं सुरज शिकला म्हणजे घर शिकलं, असं तिनं धरून चाललं होतं. मघाशी सुरज निर्दोष म्हणताना तिच्या स्वतःच्याच छातीवरचा दगड उतरला होता, ह्याची तिला आता लाज वाटली.

गिताबाई प्रगतीपाशी गेली. हात तिनं पदराखाली लपवले होते.

"पोर ने तुझी. लांब ने. माझ्या हाताला लागू दिऊ नगंस."

जीपचं दार उघडं होतं. स्वराजनं बॅग उचलली. प्रगती जागची हलली नाही. लेक तिची होती, आता कुणी तोडणार नव्हतं, आणि सासूवर एक शब्द टाकायचा तिचा हक्क होता. पंधरा दिवस तिनं ह्या अंगणात काय काय ऐकलं होतं ते तिलाच ठाऊक.

"दादा, बॅग ठिव ती," ती शेवटी म्हणाली. "जेवून जा."

ती आत गेली. चुलीवरच्या भाकरीचा वास अंगणात आला. बाहेर येताना तिच्या हातात ताटली होती, भाकरी दुधात कुस्करलेली. स्वप्नालीला भूक लागली होती. ती ताटलीमागं चालत आली. प्रगती सासूसमोर खाली बसली, तिचे दोन्ही हात पदराखालून ओढून बाहेर काढले आणि त्यांत ताटली ठेवली.

"भरवा तिला, आत्या."

"नगं गं. ह्या हातानं नगं."

"ह्याच हातानं भरवा."

गिताबाईनं घास उचलला. पहिला घास अर्धा सांडला. स्वप्नालीनं तोंड पुढं केलं, उरलेला खाल्ला, आणि दुसऱ्या घासासाठी आ केला.